पर्यावरणस्नेही वस्तू ग्राहक का घेतो? – वैद्य व औषधालयचालक यांच्यासाठी एक अभ्यासलेख

प्रास्ताविक

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. वायू, जल, देश आणि काल हे चार भाव बिघडले म्हणजे भिन्न प्रकृतीच्या माणसांनाही एकाच वेळी व्याधी जडतात, हा त्यातील मुख्य विचार होय. या बिघाडाचे मूळ शोधताना आचार्य अधर्मापर्यंत आणि तेथून प्रज्ञापराधापर्यंत जातात. आजच्या भाषेत सांगायचे तर पर्यावरणाचा बिघाड हा अखेरीस मनुष्याच्या निवडीचा प्रश्न आहे. ही निवड कारखान्यात होते, शासनदरबारी होते, तशीच ती दुकानाच्या गल्ल्यापाशीही होते.

धरमपेठेसारख्या वस्तीत हा विषय अपरिचित नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नागनदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्यानंतर नदी, नाले, कचरा आणि बांधकामे यांची चर्चा घरोघरी झाली. तरीही चर्चा करणारा प्रत्येक नागरिक दुसऱ्या दिवशी बाजारात जाताना कापडी पिशवी घेऊन निघाला, असे म्हणता येणार नाही. ज्ञान आहे, इच्छाही आहे, पण कृती होत नाही. असे का होते आणि आपल्या व्यवसायात त्यावर काय उपाय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

'नैसर्गिक' आणि 'पर्यावरणस्नेही' यांतील भेद

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आयुर्वेदीय औषध वनस्पतिज आहे, म्हणून ते आपोआप पर्यावरणस्नेही आहे, अशी बहुसंख्य ग्राहकांची समजूत असते. आपल्यापैकीही अनेकांची ती असते. वस्तुतः 'नैसर्गिक' हा शब्द द्रव्याचे मूळ सांगतो. ते द्रव्य कसे गोळा केले, किती गोळा केले आणि मागे काय शिल्लक राहिले, हे त्या शब्दावरून कळत नाही.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या वतीने झालेल्या पाहणीनुसार २०१४-१५ या वर्षी देशातील वनौषधींची मागणी सुमारे ५,१२,००० मेट्रिक टन होती. व्यापारात १,१७८ जाती आढळल्या आणि त्यांपैकी २४२ जातींचा वार्षिक खप प्रत्येकी १०० टनांहून अधिक होता. या २४२ जातींपैकी बहुसंख्य जाती आजही लागवडीतून न येता वन्य स्रोतांतून येतात. फळ वा पान तोडले तर वृक्ष टिकतो. मूळ खणले वा साल सर्व बाजूंनी काढली तर तो मरतो. बृहत् पंचमुळातील बेल, टेंटू, शिवण, पाडळ आणि अग्निमंथ यांचा विचार केल्यास ही बाब ध्यानी येईल. जटामांसी आणि गुग्गुळ यांची नावे आज आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहेत. तेव्हा 'आमचे औषध वनस्पतीपासून बनते' एवढ्यावर समाधान मानता येणार नाही.

इच्छा आणि कृती यांतील अंतर

ग्राहकवर्तनाच्या अभ्यासकांना हे अंतर फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मानसशास्त्रज्ञ आयझेक आयझेन यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या विचारानुसार मनुष्याची कृती तीन गोष्टींवर अवलंबून असते: त्या कृतीविषयीचे त्याचे मत, आपल्या भोवतालचे लोक काय अपेक्षितात याची त्याची जाणीव, आणि ती कृती आपल्याला जमेल की नाही याचा त्याचा अंदाज. केवळ मत अनुकूल असून भागत नाही.

आपल्या शास्त्रातील प्रज्ञापराधाचे विवेचन येथे उपयोगी पडते. धी, धृति आणि स्मृति यांपैकी कशाचाही भ्रंश झाला तरी अहित कर्म घडते. खरेदीलाही हे तंतोतंत लागू होते. कोणती वस्तू हितकर हे कळलेच नाही, तर तो धीचा दोष. कळले, पण दोन रुपयांचा मोह वा चार पावलांचा कंटाळा आवरला नाही, तर तो धृतीचा. कळले होते, मनही होते, पण ऐन वेळी पिशवी घरीच राहिली, तर तो स्मृतीचा. तिन्ही दोषांत बाह्य लक्षण एकच दिसते, ते म्हणजे ग्राहकाने अयोग्य वस्तू घेतली. परंतु हेतू भिन्न असल्याने चिकित्साही भिन्न करावी लागते. विसरणाऱ्यास व्याख्यान देऊन उपयोग नाही आणि ज्याला वस्तू परवडत नाही त्याला भित्तिपत्रक दाखवून उपयोग नाही.

निर्णयावर प्रभाव टाकणारे घटक

*१. स्वतःचा लाभ.* पृथ्वीचे भले हे कारण सांगितल्यास ग्राहक मान डोलावतो; स्वतःचे भले दिसल्यास तो पैसे काढतो. आपल्या देशातील दोन चिन्हांची तुलना येथे उद्बोधक आहे. केंद्र शासनाने १९९१ मध्ये 'इकोमार्क' योजना सुरू केली. मातीचे मडके हे तिचे चिन्ह होते. योजना ऐच्छिक होती, फार थोड्या उत्पादकांनी ती स्वीकारली आणि सामान्य ग्राहकाला त्या मडक्याचा अर्थ कधी कळलाच नाही. अखेर २०२४ मध्ये तिच्या जागी नवे इकोमार्क नियम आणावे लागले. याउलट २००६ मध्ये आलेले विजेच्या उपकरणांवरील तारांकित चिन्ह आज गृहिणीही वाचते. कारण उघड आहे. तारे मोजता येतात, दोन वस्तूंची तुलना दुकानातच होते, बचत स्वतःच्या वीजबिलात दिसते, आणि वातानुकूलन यंत्रासारख्या अनेक उपकरणांवर ते लावणे सक्तीचे आहे.

*२. किंमत.* थोडा दंड वा थोडे शुल्कही वर्तन बदलते. आयर्लंडने मार्च २००२ मध्ये प्लास्टिकच्या प्रत्येक पिशवीवर १५ सेंट आकारण्यास आरंभ केला. दरडोई वार्षिक वापर सुमारे ३२८ पिशव्यांवरून २१ वर आला. पुढे लोकांना त्या शुल्काची सवय झाली, वापर हळूहळू वाढू लागला आणि २००७ मध्ये शुल्क २२ सेंट करावे लागले. यातून दोन बोध मिळतात. पहिला असा की, फुकट वस्तूची किंमत दिसू लागताच मनुष्य विचार करतो. दुसरा असा की, उपायाची मात्रा वेळोवेळी तपासावी लागते.

*३. सोय व उपलब्धता.* महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली आणि त्याच वर्षी २३ जूनपासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये दंड ठेवण्यात आला. आरंभी कापडी पिशव्या सर्वत्र दिसू लागल्या. तपासणी सैल पडली तेथे पातळ पिशव्या परतल्या. ग्राहकाचे मत या काळात बदललेले नव्हते. दुकानदाराने पिशवी पुढे करणे थांबवले की नाही, एवढाच फरक होता. जे सहज हाताशी येते, तेच बहुतेक वेळा स्वीकारले जाते.

*४. लोकाचार.* इतर लोक काय करतात, याचा प्रभाव आपण मान्य करतो त्याहून मोठा असतो. अमेरिकेतील एका हॉटेलात संशोधकांनी केलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. 'पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा' अशी सूचना असलेल्या खोल्यांत सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरले. 'येथील बहुसंख्य पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात' असे लिहिलेल्या खोल्यांत हे प्रमाण ४४ टक्के झाले. आपल्याकडील गणेशमूर्तीचे उदाहरणही असेच आहे. शाडूची मूर्ती महाग, जड आणि ठिसूळ असते. तरीही एका इमारतीतील चार घरांनी ती आणली व घरीच बादलीत विसर्जन केले की पाचव्या घराला संकोच वाटेनासा होतो. फुटाळा आदी तलावांतील विसर्जनावर निर्बंध आले, कृत्रिम टाक्या उपलब्ध झाल्या आणि नियमांस लोकाचाराची जोड मिळाली. केवळ पत्रकांनी हे साधले नसते.

*५. विश्वास.* हा घटक आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असल्याने त्याचा विचार स्वतंत्रपणे करू.

विश्वासाचा प्रश्न आणि आप्तत्व

अर्थशास्त्रज्ञ वस्तूंचे गुण तीन प्रकारचे मानतात. काही गुण खरेदीपूर्वीच पाहता येतात, उदाहरणार्थ रंग व वजन. काही गुण वापरानंतर कळतात, उदाहरणार्थ चव. तिसऱ्या प्रकारचे गुण वापरानंतरही ग्राहकास कळत नाहीत. डार्बी व कार्नी यांनी १९७३ मध्ये या तिसऱ्या प्रकाराकडे लक्ष वेधले. वस्तूचा पर्यावरणस्नेहीपणा या तिसऱ्या प्रकारात मोडतो. त्रिफळा चूर्णातील बेहडा वृक्ष राखून गोळा केला की फांद्या तोडून, हे चूर्णाच्या रंगावरून, गंधावरून वा गुणावरून कोणालाही सांगता येणार नाही.

आपल्या परिभाषेत सांगायचे तर येथे ग्राहकाला प्रत्यक्ष उपलब्ध नाही आणि अनुमानास पुरेसे लिंग नाही. उरतो तो आप्तोपदेश. म्हणून पर्यावरणस्नेही वस्तूच्या खरेदीत सांगणारा कोण, याला इतके महत्त्व येते. कारखान्याच्या जाहिरातीपेक्षा वैद्याचा एक शब्द रुग्णाला अधिक प्रमाण वाटतो. हे आपले मोठे बळ आहे आणि तितकेच मोठे दायित्वही. रज व तम यांपासून मुक्त असणे हे आप्ताचे लक्षण सांगितले आहे. जो वैद्य औषध सुचवतो तोच ते विकतो, तेव्हा लोभाची शंका घेण्यास ग्राहकाला जागा असते. ती शंका दूर करण्याचा एकच मार्ग आहे. जे ठाऊक आहे तेवढेच सांगावे आणि ते तपासता येईल अशा शब्दांत सांगावे.

अशोकाचे उदाहरण घ्या. नागपूरच्या रस्त्यांवर व बंगल्यांच्या कुंपणालगत जो उंच, सरळ वाढलेला 'अशोक' दिसतो, तो अशोकारिष्टातील अशोक नव्हे. खरा अशोक निराळा वृक्ष आहे, त्याची संख्या घटत आहे आणि त्याच्या सालीत या दुसऱ्या वृक्षाच्या सालीची भेसळ सर्वज्ञात आहे. खरी साल मागावी तर एका दुर्मिळ वृक्षावर ताण येतो; खोटी स्वीकारावी तर रुग्णाची फसवणूक होते. या पेचातून लागवडीखेरीज सुटका नाही, आणि लागवड करणाऱ्याला टिकून राहायचे असेल तर कोणीतरी योग्य किंमत देऊन खात्रीचा माल घेतला पाहिजे. ग्राहकाचा विश्वास हा असा थेट वृक्षापर्यंत जाऊन पोहोचतो.

भीमाशंकरचा अनुभव

महाराष्ट्रात याचे एक अनुकूल उदाहरण आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने भीमाशंकर परिसरातील महादेव कोळी समाजाच्या संकलकांबरोबर हिरडा व बेहडा यांच्या संकलनाचे काम उभे केले. वन्य वनस्पतींच्या शाश्वत संकलनासाठी असलेले 'फेअरवाइल्ड' हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र त्यासाठी मिळवले, आणि पक्का हर्ब्ज या ब्रिटिश कंपनीच्या रूपाने ग्राहक मिळाला. जुन्या, प्रचंड बेहड्याच्या ढोलीत महाधनेश पक्षी घरटे करतो. लाकडासाठी एकदाच तोडून मिळणाऱ्या रकमेपेक्षा दरवर्षी मिळणाऱ्या फळांचे मोल अधिक ठरले, तर वृक्ष राखणे हाच लाभाचा व्यवहार होतो.

या उदाहरणात आधी सांगितलेले सर्व घटक एकत्र आलेले दिसतात. संकलकाला लाभ आहे. दूरदेशीच्या ग्राहकास त्रयस्थाची तपासणी आहे, म्हणून विश्वास आहे. आणि सांगण्यासारखी, पडताळून पाहण्यासारखी हकिकत आहे. विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, सह्याद्रीतील या फळांना मान देणारा ग्राहक प्रथम परदेशात भेटला. त्रिफळा घरोघरी वापरणाऱ्या आपल्या प्रदेशात असा ग्राहक निर्माण करणे अशक्य नाही. परंतु त्याला ही माहिती सांगणारा कोणी असला पाहिजे.

दावा करताना घ्यावयाची काळजी

खोट्या वा मोघम पर्यावरणीय दाव्यांमुळे ग्राहकाचा विश्वास एकदा उडाला की तो खऱ्या दाव्यावरही विश्वास ठेवत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. 'हरित', 'पर्यावरणस्नेही', 'नैसर्गिक', 'सेंद्रिय', 'शाश्वत' यांसारखे शब्द पुरेशा स्पष्टीकरणाविना व पुराव्याविना वापरता येणार नाहीत, असा त्यांचा आशय आहे. फलकावर वा पत्रकावर असे शब्द छापणाऱ्या औषधालयांनी हे ध्यानात ठेवावे. 'आमची औषधे पर्यावरणस्नेही आहेत' या वाक्यापेक्षा 'काचेच्या रिकाम्या बाटल्या येथे परत घेतल्या जातात' हे वाक्य लहान असले तरी अधिक खरे आहे व अधिक परिणामकारकही.

औषधालयात करता येण्याजोगे उपाय

१. *न मागता पिशवी देऊ नये.* २०१८ च्या अधिसूचनेत औषधांच्या वेष्टनास सवलत आहे. गल्ल्यावर दिल्या जाणाऱ्या हातपिशवीस नाही. 'पिशवी हवी का?' असे विचारण्याऐवजी 'पिशवी आणली असेल ना?' असे विचारावे. गरज पडल्यास कापडी पिशवी अल्प किमतीत द्यावी. फुकट देऊ नये, कारण फुकट मिळालेली कापडी पिशवीही घरात पडून राहते.

२. *स्मृतीस साहाय्य करावे.* चिकित्सापत्राच्या तळाशी, पुनर्भेटीच्या तारखेजवळच 'येताना पिशवी व रिकाम्या बाटल्या आणाव्यात' अशी ओळ छापावी. रुग्ण तो कागद घरून निघताना हमखास पाहतो.

३. *पुडीचा विवेकाने वापर.* दोन-तीन दिवसांच्या चूर्णासाठी कागदी पुडी उत्तम. मात्र वर्तमानपत्राचा कागद कटाक्षाने टाळावा. छपाईच्या शाईमुळे खाद्यपदार्थांच्या वेष्टनासही तो निषिद्ध आहे. क्षार, लवणयुक्त चूर्णे व गुग्गुळ कल्प पावसाळ्यात ओलावा धरतात, त्यांना कागद चालणार नाही. औषध बिघडून फेकावे लागले तर वेष्टन वाचवून काय साधले? येथे औषधाचे रक्षण प्रथम, वेष्टनाचा विचार नंतर.

४. *काच की प्लास्टिक, याचा तारतम्याने विचार.* काच जड असते, तिच्या निर्मितीस व वाहतुकीस इंधन अधिक लागते. ती एकदाच वापरून फेकली तर तिचा लाभ फारसा उरत नाही. म्हणून बाटली परत घेऊन ती उत्पादकाकडे वा पुनर्चक्रणासाठी पाठवण्याची व्यवस्था करावी. परत आलेली बाटली दुकानातच विसळून तीत औषध भरू नये. शुद्धता, समूह क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख या तिन्ही बाबतींत ते धोक्याचे आहे.

५. *पुरवठादाराला प्रश्न विचारावेत.* कच्च्या द्रव्याच्या प्रत्येक खरेदीत शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, संकलनाचा जिल्हा व ऋतू हे लेखी मागावे. लागवडीचे की वन्य, हेही विचारावे. एका औषधालयाच्या प्रश्नाने बाजार बदलणार नाही, परंतु शहरातील पन्नास औषधालयांनी तोच प्रश्न विचारल्यास व्यापाऱ्यास उत्तर शोधावे लागेल. मुळाऐवजी खोडाची साल वा फांद्या वापराव्यात काय, हा प्रश्न मात्र संशोधनाचा व औषधिकोशाचा आहे. त्याचा निर्णय दुकानात परस्पर करू नये.

६. *लोकाचार दृश्य करावा.* 'या महिन्यात इतक्या ग्राहकांनी स्वतःची पिशवी आणली' असा खरा आकडा लहान फलकावर लिहावा. आकडा लहान असला तरी खोटा लिहू नये.

एक सोपी पाहणी

प्रत्येक सभासदाने आपल्या औषधालयात पुढील पाहणी करून पाहावी. पहिल्या महिन्यात कोणताही बदल न करता दररोज एकूण ग्राहक व पिशवी आणणारे ग्राहक यांची नोंद ठेवावी. दुसऱ्या महिन्यात फक्त चिकित्सापत्रावरील सूचना सुरू करावी. तिसऱ्या महिन्यात पिशवीस किंमत लावावी. चौथ्या महिन्यात फलक लावावा. प्रत्येक महिन्याचे शेकडा प्रमाण काढावे. एका वेळी एकच बदल केल्याने कोणत्या उपायाचा किती गुण आला, याचा अंदाज येईल. सणांचा व पावसाळ्याचा काळ आल्यास तशी टीप ठेवावी, कारण त्या काळात ग्राहकांची संख्या व सवयी दोन्ही बदलतात. दहा औषधालयांच्या अशा नोंदी एकत्र आल्या तर परक्या देशांतील आकड्यांवर अवलंबून न राहता आपल्या वस्तीविषयी काही खात्रीने बोलता येईल.

सारांश

पर्यावरणस्नेही वस्तू ग्राहक केवळ सद्भावनेने घेत नाही. स्वतःचा लाभ दिसला, किंमत आवाक्यात राहिली, वस्तू हाताशी आली, शेजारी तेच करताना दिसला आणि सांगणाऱ्यावर विश्वास बसला, तरच त्याची इच्छा कृतीत उतरते. पहिल्या चार गोष्टी शासन, उत्पादक व समाज यांच्याकडूनही होऊ शकतात. पाचवी गोष्ट मात्र वैद्य व औषधालय यांच्याकडे आधीपासूनच आहे. ती पिढ्यान्पिढ्यांच्या व्यवहाराने मिळालेली ठेव आहे. तिच्या बळावर वृक्ष राखणाऱ्या संकलकाचा माल विकला जाऊ शकतो. तिचाच गैरवापर झाला तर निकृष्ट मालही 'हरित' म्हणून खपू शकतो. यांपैकी काय घडते, ते आपण गल्ल्यापाशी काय सांगतो यावर बरेचसे अवलंबून राहील.

स्वाध्यायासाठी प्रश्न

१. 'नैसर्गिक' व 'पर्यावरणस्नेही' यांतील भेद आपल्या औषधालयातील दोन कल्पांच्या आधारे स्पष्ट करा.

२. धी, धृति व स्मृति यांच्या भ्रंशाची खरेदीव्यवहारातील प्रत्येकी एक उदाहरण देऊन त्यावर उपाय सुचवा.

३. इकोमार्क व विजेच्या उपकरणांवरील तारांकित चिन्ह यांच्या यशापयशाची कारणे सांगा.

४. आपण खरेदी केलेल्या कोणत्याही पाच कच्च्या द्रव्यांचे वापरलेले भाग लिहा व ते काढल्याने वनस्पती जगते की मरते, ते नोंदवा.

५. आपल्या औषधालयाच्या फलकावरील वा पत्रकावरील कोणता दावा पुराव्यासह सिद्ध करता येईल? कोणता काढून टाकावा लागेल?